ताटीबाहेरची मुक्ताई

(अखंड हरिनाम सप्ताह, पाचव्या दिवसाचं कीर्तन. ध्वनिमुद्रणावरून.)



मायबाप श्रोतेहो, आजच्या सेवेसाठी मुक्ताबाईंचा ताटीचा प्रसंग चिंतनाला घेतला आहे. ताटी म्हणजे काय, हे आताच्या लेकरांना सांगावं लागतं. घराला लाकडी दार आलं, पुढं लोखंडी गेट आलं, आता तर दारावर कॅमेरा आला. ताटी म्हणजे कामट्यांची, तुराट्यांची विणलेली झडप. झोपडीच्या तोंडाला टेकवून ठेवायची. तिला कडी नाही, कुलूप नाही. शेळीनं धडक दिली तरी पडेल, एवढीच तिची ताकद. आणि तरी मुक्ताईनं ती ढकलली नाही. बाहेर उभी राहिली आणि आतल्या दादाला हाका मारत राहिली. आजचं सगळं निरूपण या एका गोष्टीभोवती फिरणार आहे. आतला माणूस ताटी लावून बसला, तर बाहेरच्यानं काय करायचं?

विषय जड आहे. माणूस आपल्याच हातानं आपला जीव देतो, त्याविषयी बोलायचं आहे. मंडळींनी काल मला विचारलं, ‘महाराज, सप्ताहात हा विषय? मंगल कार्य आहे.’ मी म्हटलं, बाबांनो, या पंचक्रोशीत काय घडलं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ज्या घरात घडलं त्या घरची माणसं आज याच मंडपात बसली आहेत. त्यांना मी अगोदर हात जोडतो. आई, दादा, तुमच्या माणसाबद्दल या व्यासपीठावरून एकही वावगा शब्द निघणार नाही. तो भित्रा नव्हता, पापी नव्हता. त्याचं दुःख त्याच्या ताकदीपेक्षा मोठं झालं होतं, आणि ते वाटून घ्यायला त्याला त्या घटकेला कोणी सापडलं नाही. तुम्ही काय करायला हवं होतं, हा हिशेब रात्री-रात्री मांडत बसू नका. तुमच्या हातात जेवढं होतं तेवढं तुम्ही केलं.

विठ्ठल विठ्ठल.

(नामगजर)

आता जरा आकडे सांगतो. कीर्तनकाराला आकडे सांगायला लागावे, हेसुद्धा दुःखच. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात एक लाख सत्तर हजारांहून अधिक माणसांनी असा जीव दिला. ही सरकारी नोंद आहे. सगळ्यांत जास्त कोणत्या राज्यात? आपल्या महाराष्ट्रात. बावीस हजारांहून अधिक. ज्या मातीत नामा झाला, तुका झाला, त्या मातीत. आपल्या राज्यात शेतकरी आणि शेतमजूर मिळून त्या वर्षी चार हजारांहून जास्त गेले. देशभर गेलेल्या शंभरांत बहात्तर पुरुष होते. आणि ज्या बाया गेल्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक घर सांभाळणाऱ्या गृहिणी होत्या. शाळा-कॉलेजातली लेकरं तेरा हजारांवर.

कारणं काय नोंदवली? कोणाला वाटेल सगळं कर्जामुळं. कर्ज आहेच. पण नोंदीत सगळ्यांत वर आहेत घरातले ताणतणाव, आणि त्याखाली आजारपण. या दोन्हींतच निम्मी माणसं आली. आणि खरं सांगू का? कारण कधी एकटं नसतं. पावसानं दगा दिला, सोसायटीचं कर्ज थकलं, त्यातून बाटली जवळ आली, बाटलीतून घरात भांडण, भांडणातून बायको माहेरी, मग झोप गेली. झोप गेली की डोकं चालत नाही. असे एकावर एक ओंडके पडत जातात. शेवटचा ओंडका कोणता पडला, तेवढंच गाव बघतं आणि म्हणतं, ‘एवढ्याशा कारणावरून गेला!’ एवढंसं नव्हतं हो. खाली ढीग होता.

आता कथेकडे या. ज्ञानोबारायांच्या घरची कथा आपण किती वेळा ऐकली! पण आज ती वेगळ्या बाजूनं ऐका. विठ्ठलपंत काशीला गेले, संन्यास घेतला. गुरूंना कळलं की घरी पत्नी आहे, त्यांनी आज्ञा केली, परत जा, संसार कर. गुरूची आज्ञा म्हणून परत आले. चार लेकरं झाली. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. आणि गावानं काय केलं? वाळीत टाकलं. पाणवठा बंद, पंगत बंद, बोलणं बंद. गावाबाहेर सिद्धबेटावर राहायचं. मुलांच्या मुंजीचा प्रश्न आला तेव्हा विठ्ठलपंत धर्माच्या जाणत्यांपुढे गेले, प्रायश्चित्त सांगा म्हणाले. उत्तर मिळालं, या दोषाला देहान्ताशिवाय प्रायश्चित्त नाही.

आई-बापांनी विचार केला, आपण गेलो तर लेकरांचा कलंक पुसला जाईल. आपण नसलो तर त्यांचं भलं होईल. आणि त्या दोघांनी झोपलेल्या लेकरांना सोडून वाट धरली. पुढं त्यांचा देह राहिला नाही. इथंच थांबतो. त्यापुढचं वर्णन मी करणार नाही, तुम्हीही कोणत्याच अशा घटनेचं करू नका. कसं केलं, कुठं केलं, काय लिहून ठेवलं, हे पारावर चघळायची गोष्ट नाही. मोबाइलवर फोटो फिरवायची तर मुळीच नाही. कुठल्यातरी घरात दुसरा कोणी त्याच विचाराच्या काठावर उभा असतो, त्याच्या हातात आपण ती वाट देत असतो.

पण मला पुढचं विचारायचं आहे. ते दोघं गेले. मग लेकरांचा कलंक पुसला गेला का? सांगा ना! मुंजी झाल्या का? गावानं दारं उघडली का? नाही! चार पोरकी लेकरं शुद्धिपत्र मागायला चालत पैठणला गेली. ज्यासाठी आई-बापांनी एवढं केलं, त्यातलं काहीच आपोआप झालं नाही. वर आणखी एक झालं. आता भूक लागली तर वाढायला आई नाही, आणि पैठणच्या वाटेवर पाय दुखले तर उचलून घ्यायला बाप नाही. विठ्ठलपंतांना दोष द्यायला मी उभा नाही, माझी योग्यता नाही. पण ज्यांनी त्यांच्यापुढं दुसरी वाटच ठेवली नाही, त्यांना आज सातशे वर्षांनी तरी विचारायला हवं की नको?

आजही माणूस हेच म्हणतो. ‘मी घरावर ओझं झालोय. मी नसलो तर यांचं बरं होईल.’ हे वाक्य कोणाच्या तोंडून निघालं तर कान टवकारा. शेतकरी म्हणतो, ‘मी गेलो तर सरकारचे लाखभर रुपये तरी मिळतील, पोरीचं लग्न होईल.’ अरे बाबा, ते लाख रुपयेसुद्धा कमिटीच्या मंजुरीवर असतात. कागद काढता काढता त्या बाईच्या चपला झिजतात, आणि कित्येक प्रकरणं अपात्र ठरतात. कर्ज मरत नाही. सावकार तेराव्याच्या आधी दारात येतो. सातबाऱ्यावर नाव चढवायला तिला तलाठ्याकडं खेटे घालावे लागतात. आणि पोरीच्या लग्नात कन्यादानाच्या वेळी भटजी विचारतात, वडील कुठं आहेत? लाख रुपये त्या पाटावर बसतात का? बाप ओझं नसतो रे. बाप म्हणजे ओझं उचलणारा चौथा खांदा. तो काढला की उरलेल्यांच्या खांद्यावर भार वाढतो.

जय जय विठोबा रखुमाई.

(टाळ-मृदंग, नामगजर)

आता ताटी. हीच लेकरं आळंदीला परतली. ज्ञानदेव मधुकरीला गेले असता कोणीतरी वाटेत घालून-पाडून बोललं. संन्याशाची पोरं म्हणून हिणवलं. ज्ञानदेव झोपडीत आले, ताटी लावून घेतली आणि आत बसले. ज्ञानेश्वरी सांगणारा पुरुष! योग्यांचा राजा! त्यालासुद्धा एक दिवस असा आला की जगाचं तोंड बघू नये असं वाटलं. हे आपल्या संतचरित्रानं लपवलं नाही. मग तुमच्या-आमच्या घरातला कोणी ताटी लावून बसला, तर त्याला ‘तू कमजोर आहेस’ म्हणायचा आपल्याला काय अधिकार?

आणि बाहेर कोण उभी राहिली? चौघांतली धाकटी. तिनं काय केलं नाही ते आधी सांगतो. ती म्हणाली नाही, ‘काय हे नाटक लावलंय?’ ती म्हणाली नाही, ‘शेजाऱ्याच्या पोरावर किती संकटं आली, तो बसलाय का असा?’ ती म्हणाली नाही, ‘भूक लागली की येईल बाहेर.’ आपण हेच म्हणतो बघा. वर सल्ला देतो, ‘सकारात्मक विचार कर.’ पाय मोडलेल्याला म्हणायचं, जरा पळून ये, बरं वाटेल!

मुक्ताईनं त्याचं दुःख मान्य केलं. तुला बोललेलं लागलं, हे मान्य केलं. मग तो कोण आहे, याची त्याला आठवण दिली. आणि एकदा हाक मारून निघून गेली नाही. ताटीचे अभंग परंपरेनं बेचाळीस मोजतात. बेचाळीस! आपण एक फोन करतो, उचलला नाही तर म्हणतो, ‘आम्ही केला होता हो फोन.’ तिनं ताटी उघडेपर्यंत हाका मारल्या. आणि ताटी उघडली. ती उघडली म्हणून पुढचे ज्ञानदेव आपल्याला मिळाले.

एकाच घरातल्या या दोन घटना शेजारी-शेजारी ठेवून बघा. आई-बापांच्या वेळी सगळ्या गावानं पाठ फिरवली, त्यांच्या दाराशी हाक मारायला कोणी आलं नाही. मुलाच्या वेळी एक लहान बहीण आली. विद्वत्ता नको, पैसा नको, वय नको. एक माणूस ताटीबाहेर उभा राहिला तरी पुष्कळ होतं.

कोणी म्हणेल, महाराज, ताटी लावली हे कळायचं कसं? आता घरोघरी पक्की दारं. बरोबर. तर त्याच्या खुणा सांगतो. आमच्या फडावर एक टाळकरी होते. नाव-गाव सांगत नाही. एका वारीत वाखरीच्या मुक्कामी त्यांनी आपले टाळ शेजारच्या पोराला देऊन टाकले. ‘ठेव तुला, माझी आठवण.’ दिंडीतल्या कोणाचे दोनशे रुपये देणं होतं, ते शोधून शोधून फेडले. एकाला म्हणाले, ‘पुढच्या वारीला माझी जागा दुसऱ्याला द्या.’ सगळे म्हणाले, वा, काय वैराग्य! आमचे विणेकरी बुवा मात्र जाणते. ते म्हणाले, वैराग्य आलेला माणूस जेवतो. हा तीन दिवस जेवला नाही, झोपला नाही, आणि आज अचानक शांत झालाय.

बुवांनी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात दिली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले. आडवळणानं नाही, सरळ विचारलं, ‘दादा, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात आहे का?’ ते काही बोलले नाहीत. मग ढसाढसा रडले. भावाच्या कर्जाला जामीन राहिले होते, भाऊ फिरला होता, बँकेची नोटीस आली होती, घरी कोणाला सांगितलं नव्हतं. पंढरपूरचं दर्शन झालं की परत घरी जायचं नाही, असं मनानं ठरवलं होतं. बुवांनी उपदेश केला नाही. म्हणाले, ‘बोला, मी ऐकतोय.’ रात्रभर ऐकलं. दोन जणांचा पहारा लावला. मुलाला बोलावून घेतलं. गावी पोचायच्या आत पुतण्यानं कोठीतलं फवारणीचं औषध बाहेर हलवलं. पुढं जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडं नेलं, काही महिने गोळ्या चालल्या. बँकेत चौघं जाऊन बोलले, हप्ते पाडून घेतले. कर्ज आजही थोडं आहे. पण माणूस आहे! अजून वारीला येतात. ते टाळ त्या पोराकडेच राहिले, यांनी नवीन घेतले.

या एका प्रसंगात सगळं आलं. खुणा कोणत्या? आवडती वस्तू वाटून टाकणं. निरोपाचं बोलणं. झोप आणि जेवण उडणं. चारचौघांतून अंग काढून घेणं. दारू एकदम वाढणं. मरणाचं बोलणं, मग ते थट्टेत का असेना. ‘बोलणारा करत नाही’ असं आपल्याकडं म्हणतात, ते साफ खोटं आहे. पुष्कळ जण आधी कोणाला ना कोणाला सांगून बघतात. आणि ज्यानं पूर्वी एकदा प्रयत्न केला आहे, त्याला सगळ्यांत जास्त जपायचं. दवाखान्यातून घरी आला म्हणजे संपलं असं नाही. पुढचे आठवडे-महिने जास्त जपायचे. ज्याच्या घरात असं पूर्वी घडलं आहे, ज्याला जुनाट दुखणं आहे, जी बाई रोज मार खाते, ज्या लेकराचा निकाल उद्या आहे, ज्या म्हाताऱ्याशी दिवसभर कोणी बोललेलं नाही, त्यांच्याकडं लक्ष ठेवायचं.

आणि सरळ विचारायचं. लोक घाबरतात, ‘विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल.’ मनाचे डॉक्टर सांगतात, शिरत नाही. विचारल्यानं माणसाला मोकळं वाटतं. इतके दिवस एकट्यानं वाहिलेली गोष्ट कोणीतरी ओळखली, याचाच त्याला आधार होतो. आपल्याकडच्या पुरुषमंडळींचं बघा. बाजारात बैलाचा भाव करायचा तर चार जाणत्यांना गाठून, दात मोजून, दोन चहा पिऊन विचारतील. पण स्वतःच्या मनातलं बायकोलासुद्धा सांगणार नाहीत. ‘मर्दानं रडू नये.’ अरे, रामप्रभू सीतेसाठी झाडांना मिठ्या मारून रडले, ते काय मर्द नव्हते? तुकोबारायांच्या आयुष्यात काय कमी झालं? दुष्काळ पडला, धंद्याचं दिवाळं निघालं, पहिली बायको अन्नाविना गेली, लेक गेला. चारचौघांत तोंड दाखवायची शरम वाटू लागली. ते दुःख त्यांनी आपल्या अभंगातून जगासमोर मांडलं, दडवलं नाही. डोंगरावर जाऊन बसले तेव्हा धाकटा भाऊ कान्होबा त्यांना शोधत गेला. जिजाई भाकरी घेऊन डोंगर चढत राहिली. आणि परत आल्यावर तुकोबांनी काय केलं? लोकांकडून येणं असलेली आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडून दिली. कर्जाचा कागद बुडवला, माणूस नाही बुडवला! मायबाप हो, जो उधारी वसूल करायला दारात उभा राहून शिव्या देतो, त्यानं हे चरित्र नीट वाचावं.

विठ्ठल विठ्ठल.

आता एक फार महत्त्वाची गोष्ट. हा विचार एखाद्या लाटेसारखा येतो. लाट डोक्यावरून जाते तेव्हा वाटतं, आता हेच कायम. पण ती ओसरते. कधी घटकेत, कधी एका रात्रीत. त्या घटकेत हाताशी घातक वस्तू नसली, तर माणूस वाचतो. आणि वाचलेली बहुतेक माणसं पुढं आपलं आयुष्य जगतात. श्रीलंकेचं उदाहरण घ्या. तिथंही खेड्यापाड्यांत शेतीच्या औषधानं फार माणसं जात. सरकारनं सगळ्यांत जहाल औषधांवर एकेक करून बंदी आणली. १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास खाली आलं. गरिबी संपली होती का? नाही. देशात लढाई चालू होती. दुःख तेच होतं, पण त्या घटकेला हाताशी जहाल वस्तू नव्हती.

म्हणून फवारणीचं औषध घरात, गोठ्यात, माळवदावर ठेवू नका. लागेल तेवढंच आणा, उरवू नका. नुसती कुलपाची पेटी आणून भागत नाही. तिकडच्या खेड्यांत तशा पेट्या वाटूनही पाहिल्या, फरक पडला नाही. किल्ली त्याच्याच करगोट्याला असेल तर कुलूप कोणासाठी? ज्याच्याबद्दल शंका आहे त्याच्या घरातून ती वस्तूच हलवायची, भावकीतल्या दुसऱ्याकडं ठेवायची. लाज बाळगायची नाही.

आणि डॉक्टरकडं न्यायचं. ताप आला की आपण सुई टोचून घेतो. साखर वाढली की गोळी घेतो, पथ्य पाळतो, निदान जिलेबी समोर येईपर्यंत तरी पाळतो! मग मनाच्या दुखण्याला औषध घ्यायचं म्हटलं की लगेच ‘वेडा झालाय का?’ अंगारा लावा, देवाला नारळ ठेवा, मी नको म्हणत नाही. पण नारळ फोडा आणि एसटीत बसून जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात जा. तिथं मनाच्या आजाराचा विभाग असतो. नामस्मरणानं बळ येतं, हा माझा आयुष्याचा अनुभव आहे. पण नामानं कोणी गोळी बंद करायला सांगितलेली नाही. जो बुवा ‘गोळ्या सोड, माझ्याकडं ये’ म्हणेल, त्याच्यापासून चार हात लांब राहा.

एक फोन नंबर सांगतो. लहान-मोठे सगळे पाठ करा. एक-चार-चार-एक-सहा. १४४१६. सरकारचं टेली मानस. २०२२ पासून चालू आहे. पैसे पडत नाहीत, रात्री-बेरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. म्हणा माझ्याबरोबर.

(श्रोते तीनदा म्हणतात: १४४१६)

आणि कोणी तसं काही केलंच, तर एक क्षण न दवडता १०८ ला फोन करून गाडी बोलवायची. पोलीस केस होईल म्हणून घरातच लपवत बसू नका. त्यात माणसं जातात. २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा सांगतो की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, सरकारनं त्याची काळजी घ्यायची. बघा, कायदासुद्धा मुक्ताईच्या बाजूला येऊन उभा राहिला.

सावकारीचंही ऐकून ठेवा. परवाना नसताना व्याजानं पैसे देणं हा २०१४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. व्याजापोटी जमीन लिहून घेतली असेल, तर ती परत मिळवायला सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करता येतो. एकट्यानं जायची हिंमत होत नाही. दिंडी करून जा. चार टाळकरी बरोबर असले की कचेरीतला साहेबसुद्धा खुर्ची देतो.

आता दोन शंका. पहिली. ‘महाराज, त्याच्या प्रारब्धात होतं.’ लेकरू विहिरीत पडलं तर काठावर उभं राहून त्याची पत्रिका बघता का? दोर टाकता. दोर टाकणं हे तुमच्या प्रारब्धात आहे म्हणूनच तुम्ही काठावर आहात. दुसरी. ‘संतांनीही समाधी घेतली.’ बाबांनो, त्याची याच्याशी तुलना करू नका. ज्ञानोबारायांची संजीवन समाधी हे पूर्ण झालेलं कार्य आहे, भरून वाहणारं समाधान आहे. दुःखानं भाजून निघालेल्या माणसाची ती घटका म्हणजे समाधान नाही, ती वेदना आहे. वेदनेला शांत करायचं असतं, वेदना झालेल्याला नव्हे. शास्त्रात आत्मघाताचा निषेध आहे. तो निषेध जिवंत माणसाला जपण्यासाठी आहे, सुतकातल्या बाईला ऐकवण्यासाठी नाही. ज्या घरी असं झालं, तिथं भाकरी घेऊन जा, दिवसकार्याला उभे राहा, पोरांची फी भरा. वाळीत टाकणाऱ्यांची नावं आज कोणाला ठाऊक नाहीत. त्या पोरांची नावं आपण रोज घेतो.

आणि आता शेवटचं बोलणं त्याच्याशी, जो या मंडपात मागं खांबाला टेकून बसला आहे आणि ज्याला वाटतंय की महाराज माझ्याबद्दलच बोलताहेत. हो बाळा, तुझ्याबद्दलच बोलतोय. तुला जे वाटतंय ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. दुःख खरं आहे. पण आज रात्रीच काही ठरवू नकोस. एका माणसाला सांग. बायकोला सांग, मित्राला सांग, आशाताईला सांग, १४४१६ ला सांग. कोणीच नाही सापडलं तर मी देवळामागच्या खोलीत मुक्कामाला आहे, काल्यापर्यंत इथंच आहे. कितीही वाजता दार वाजव. माझ्या खोलीला कडी नाही.

गावकरी मंडळी, सप्ताहात आपण वीणा सात दिवस खाली ठेवत नाही. रात्री दोन ते चारचा पहारासुद्धा कोणीतरी घेतो. डोळ्यांवर झोप असते, थंडी असते, तरी वीणा गळ्यात घेऊन उभा राहतो. का? वीणा जमिनीला टेकू नये म्हणून. लाकडाच्या वीणेसाठी आपण एवढं करतो, तर ज्या देहात पांडुरंग राहतो तो देह मातीला टेकू नये म्हणून गावातल्या एखाद्या घरी दोन-चार रात्रींचा पहारा लावता येणार नाही? फळ्यावर वीणेच्या पहाऱ्यांची नावं लिहिली आहेत. आज त्याच्याखाली आणखी एक यादी करा. गावातलं कोणतं घर सध्या एकटं आहे, आणि तिथं उद्या कोण जाणार, ते ठरवा. फळ्यावर घरांची नावं लिहू नका, ती मनात ठेवा. जाणाऱ्यांची तेवढी लिहा. पहिलं नाव माझं घ्या.

परवा काला आहे. काल्यात सगळ्यांची शिदोरी एकत्र होते, कोणाची भाकरी कोणती ते ओळखू येत नाही. त्या दिवशी गावातली एकही ताटी लागलेली असू नये, एवढंच मागणं मी माउलीपुढे मागतो.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल. श्री ज्ञानदेव तुकाराम.

(पसायदान व आरती)